मंद्रूपच्या बायका तंबाखू खात नाहीत

सोलापूरहून परतलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा चादरींबद्दल विचारतात. मलाही आमच्या आळीत तेच विचारलं गेलं. मी चादर आणली नाही. मी कचेरीच्या कामाला गेलो होतो, आणि काम होतं तंबाखूच्या मोजदादीचं. असल्या प्रवासाचं वर्णन कोण वाचणार, असं सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला वाटतं. पण या प्रवासात तिचाही एक डबा गुंतलेला आहे, त्यामुळे तिने फार विरोध केला नाही.

काम समजायला सोपं होतं. तोंडाच्या कॅन्सरची माणसं इस्पितळात येतात तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तेव्हा आमच्या खात्याने ठरवलं की सोलापूर जिल्ह्यातल्या काही गावांत घरोघर जायचं, कोण कोणत्या रूपात तंबाखू घेतो ते विचारायचं, त्याच माणसांची तोंडं डॉक्टरांनी तपासायची, आणि दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहायच्या. कुणाला आधी गाठायला हवं ते त्यातून कळावं, असा हेतू. मी पुण्याच्या कचेरीत आकडेवारीच्या विभागात आहे. फॉर्म नीट भरले जातात की नाही ते पाहणं आणि शेवटी तक्ते करणं हे माझ्याकडे होतं. ते आकडे मी इथे देणार नाही. ते खात्याचे आहेत आणि अजून छापून यायचे आहेत. अर्धा आकडा सांगणं मला खोटं सांगण्याइतकंच वाईट वाटतं.

निवडलेल्या गावांत मंद्रूपचं नाव होतं. माझी थोरली बहीण, अक्का, तिथे दिलेली आहे. मी साहेबांना तसं सांगितलं.

ते म्हणाले, "मग तुमच्या जेवणाची सोय झाली!"

"तिच्या घरी प्रश्न विचारताना मी बसणार नाही. तिचा फॉर्मही दुसऱ्या कुणी तपासावा."

"बरं बुवा, तसं करा," साहेब म्हणाले आणि फाईल मिटली.

निघायच्या दिवशी सुमनने माझ्या पिशवीत एक रिकामा डबा घातला. पत्र्याचा, गोल, घट्ट झाकणाचा. हा डबा आमच्या लग्नापासून पुणे-मंद्रूप अशा खेपा करतो आहे. जाताना रिकामा, येताना अक्काने तंबाखू भाजून केलेल्या, दातांना लावायच्या मिश्रीने भरलेला. "पुण्यातल्या मिश्रीला अक्कांच्या हाताची सर नाही," असं सुमन म्हणते. तंबाखूची मोजदाद करायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत तो डबा होता, आणि त्यात मला तेव्हा काहीच विचित्र वाटलं नाही.

सोलापूर

गाडीतून उतरलो तेव्हा गिरण्यांचा भोंगा होत होता आणि स्टेशनाबाहेर टांगेवाले घोंगड्या पांघरून बसले होते. थंडी पुण्यापेक्षा कोरडी, ओठ फोडणारी. उतरायची सोय सात रस्त्याजवळ होती. सात रस्ते एका ठिकाणी येतात म्हणून हे नाव. नवख्या माणसाला यातला आपला कोणता हे समजत नाही. पहिल्या दिवशी मी कचेरीचा समजून दुसऱ्याच रस्त्याने बरंच चाललो आणि थेट विणकरांच्या वस्तीत पोचलो. चूक झाली ते बरंच झालं. घरांतून मागांची खटखट येत होती, आणि उंबऱ्यांवर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. आपसात तेलुगूत बोलणं चाललेलं. बोटं इतकी चपळ की पान कापलं कधी, तंबाखू भरली कधी आणि दोरा बांधला कधी ते दिसेना. मी जरा वाकून पाहायला लागलो आणि तंबाखूच्या धुळीने मला शिंकांवर शिंका आल्या. एक बाई दुसरीला काही म्हणाली आणि सगळा उंबरा हसला. भाषा कळली नाही, पण थट्टा माझी होती हे कळायला भाषा लागत नाही.

दुपारी खाणावळीत कडक भाकरी आली. आपल्याकडे भाकरी मऊ नसेल तर घरधनी कुरकुरतो. इथे ती पापडासारखी मोडली नाही तर गिऱ्हाईक कुरकुरतं. तिच्याबरोबर शेंगदाण्याची लाल चटणी आणि दही. मी आमटीत भाकरी कुस्करायला लागलो तेव्हा समोर बसलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "दात चांगले असतील तर अशीच चावून खा. माझी तपासणीही होऊन जाईल."

आमच्या पथकाच्या प्रमुख त्याच. मूळच्या सोलापूरच्या, आवाज खणखणीत, पर्समध्ये कायम एक टॉर्च. त्यांच्या हाताखाली प्रश्न विचारणाऱ्या मुली होत्या. त्यांतली कुसुम सगळ्यांत हुशार. घरची विणकर, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दख्खनी उर्दू. ती कुणाशीही त्याच्या भाषेत बोलायची. फॉर्म वरून छापून आलेला होता. विडी, सिगारेट, पानातून तंबाखू, चुन्याबरोबर तंबाखू, तपकीर, असे रकाने होते. मी रकाने तपासले. सगळे सरळ रेषेत होते.

मंद्रूप

जीप विजापूरच्या रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि त्यात शाळू. कणसं हुरड्याला आलेली. दुष्काळात याच रस्त्यावर माणसं खडी फोडत होती, हे जीपवाल्याने सांगितलं नसतं तर त्या हिरव्या रानाकडे पाहून पटलं नसतं. वाटेत एक चाक बसलं. ते बदलेपर्यंत शेजारच्या शेतकऱ्याने आम्हाला न विचारताच कणसं भाजून दिली. पुण्यात चाक बसलं तर फार तर लोक बघायला थांबतात.

अक्का दारातच उभी होती.

"आलास व्हय, सदा? लई वाळलास की रं! सुमन जेवाय घालती का न्हाय?"

"घालते. मीच कमी खातो."

"तसं घरची बाजू घ्यायला शिकवाय लागत न्हाय तुला. डबा आनलास?"

"आणलाय."

"दे हिकडं. परवा भाजायची हाय. ताजी भरून देते."

अक्का साठीला टेकलेली, उंच, सरळ पाठीची. आमची आई लवकर गेली तेव्हा मला तिनेच वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा मी तिच्या बैलगाडीमागे शिवेपर्यंत धावलो होतो, असं ती अजून चारचौघांत सांगते. मिश्री भाजण्यात तिचा हात गावात मानलेला. आठवड्यातून एकदा सगळी आळी आपापली तंबाखू घेऊन तिच्या अंगणात येते. ती मोठ्या खापरी तव्यावर पानं काळी होईपर्यंत भाजते, मग बायका ती कुटून वाटून नेतात. रोज सकाळी याच अंगणात बसून त्या बोटाने दातांना मिश्री लावतात आणि गावचा कारभार बोलतात. चिमूटभर खालच्या ओठात राहते ती पुढे बराच वेळ. बायकांना दिवसातली तेवढीच बसायची वेळ, असं अक्का म्हणते. पुरुषपाहुण्यापुढे जशी तंबाखूची चंची सरकवतात, तशी इथे बाईपाहुणीच्या हातावर आधी मिश्री ठेवतात. ती नाकारणं म्हणजे घराला नावं ठेवणं.

दुसऱ्या दिवशी कुसुम अक्काच्या घरी आली. ठरल्याप्रमाणे मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. पण मंद्रूपच्या घरांच्या भिंतींना माझे नियम माहीत नव्हते. सगळं ऐकू येत होतं.

आधी माझे मेहुणे, दाजी. त्यांना वाटलं हा मानाचा प्रश्न आहे. "लिवा. इडी लिवा. चुना-तंबाखू बी लिवा. सिगारेट पोराच्या लग्नात वडली हुती, ती बी लिवा."

मग अक्का.

"आजी, विडी ओढता का?"

"बाई हाय का गडी मी?"

"तपकीर?"

"नाकात कोंबून शिंका देत कोन बसंल!"

"पानातून तंबाखू? चुन्यातून?"

"आमच्या घरान्यात बाईमानूस तंबाखू खात न्हाय, बाई. ह्यास्नी इचार, म्या कंदी हात तरी लावला का."

"म्हणजे कोणत्याच प्रकारे तंबाखू नाही."

"न्हाय की."

पेन्सिलीचा आवाज. मग डब्याच्या झाकणाचा.

"घे, हात पुढं कर. लांबून आलीस, दात घास. कडक हाय."

"नको आजी, मी मिश्री लावत नाही."

"अगं बया! मग दात कसं ऱ्हायचं तुजं?"

कुसुम बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा हसू दाबून लाल झाला होता. "सर, सगळ्या घरांत असंच. बायका म्हणतात तंबाखू नाही, आणि हातावर मिश्री ठेवतात. फॉर्मवर मिश्रीचा रकाना नाही, मग मी काय लिहू?"

अक्का खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे दाजींच्या चंचीतली. तव्यावर काळी झालेली ती औषध, दातांचं, पोटाचं, सकाळचं. मी स्वतः लहानपणापासून तिच्या अंगणातला तो धूर हुंगत आलो आणि रकाने तपासताना मलाही तो आठवला नाही.

संध्याकाळी शाळेच्या पडवीत मी दिवसाचे फॉर्म चाळले. कागदावर मंद्रूपच्या बायका तंबाखूला शिवत नव्हत्या. शेजारी डॉक्टरबाईंचे तपासणीचे कागद होते. त्यात बायकांच्या गालांच्या आत, ओठांखाली पांढरे चट्टे लिहिलेले होते.

"असाच तक्ता झाला तर त्यातून निघेल की बायकांच्या चट्ट्यांचा तंबाखूशी संबंध नाही," मी म्हणालो.

"आणि ते छापून आलं की पुढची वीस वर्षं बायकांच्या तोंडात कुणी बघणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मिश्री मला तोंडात दिसतेच हो. पण माझ्या दिसण्याला किंमत नाही, तुमच्या मोजण्याला आहे. उद्यापासून रकाना वाढवा."

"उद्यापासून नाही. झालेली घरंही पुन्हा करायला हवीत. अर्धं गाव एका प्रश्नाने आणि अर्धं दुसऱ्या प्रश्नाने मोजलं तर बेरीज करता येणार नाही."

मुलींनी माझ्याकडे जसं पाहिलं ते इथे लिहीत नाही. कुसुम म्हणाली, "लोक म्हणतील, ह्यांना काल ऐकायला आलं नाही का?"

"म्हणू देत. आणि 'तंबाखू' हा शब्दच सुरुवातीला नको. पहिला प्रश्न असा विचारा: सकाळी दात कशाने घासता?"

तेवढ्याने सगळं बदललं. बायका भरभरून सांगू लागल्या. कधीपासून, दिवसातून किती वेळा, कुणाच्या हातची, आईने लावली की सासूने. बाळंतपणाला आलेल्या लेकीला आईच देते, असंही बऱ्याच जणींनी सांगितलं. मुली कुरकुरत गेल्या आणि फॉर्म गच्च भरून परत आल्या.

अक्काचं तोंड

या दुसऱ्या फेरीत अक्का तपासणीला आली. डॉक्टरबाईंनी टॉर्च लावला आणि खालचा ओठ बाजूला केला. मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला होतो. टॉर्च बराच वेळ तिथून हलला नाही, एवढंच मला दिसलं.

अक्काला त्यांनी सरळ सांगितलं. ओठाच्या आत जाड पांढरा चट्टा आहे, कडेला जरा लाल आहे. सोलापूरला येऊन बारीक तुकडा काढून तपासायला हवा. आणि मिश्री बंद.

"दुकत न्हाय, खुपत न्हाय," अक्का म्हणाली. "तुकडा काडला की ते पसरतंय. आमच्या चुलत सासूचं तसंच झालं. मी न्हाय येनार." आणि पदर सावरून निघाली.

घरी दाजींनी माझ्यापुढे हात टेकले. "माजं ऐकत न्हाय ती. तुजं ऐकंल. शाळा शिकलायस, सांग की काय तरी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींनी रानात हुरडा ठेवला होता. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, आणि चटणी-गुळाबरोबर खायची. दाजी आगटीशी बसले. अक्का आणि मी घोंगडीवर. बराच वेळ ती चोळत होती आणि मी खात होतो.

मग तीच म्हणाली, "तुज्या त्या कागदात काय निगालं? मला क्यान्सर हाय?"

"कागदावरून ते कळत नाही, अक्का. कागद सगळ्यांचं सांगतो, एकीचं नाही."

"मग कशाला यू मी सोलापूरला?"

दाजींनी मान खाली घातली. माझं उत्तर खरं होतं आणि त्या खऱ्या उत्तराने मी बहिणीला घरी बसवत होतो. मी घोंगडीवरचा हुरडा दोन्ही हातांनी सारखा केला.

"हे बघ. हे फक्त मंद्रूपचं, आणि अजून कच्चं आहे. एक दाणा म्हणजे एक बाई. ह्या मिश्री लावणाऱ्या." मी मोठा ढीग एका बाजूला केला. "आणि ह्या न लावणाऱ्या." तो ढीग लहान होता. मग मातीचे बारीक खडे घेतले. "जिच्या तोंडात चट्टा, तिच्यासाठी एक खडा."

मी खडे टाकत गेलो. ते सगळे मोठ्या ढिगात पडत होते. अक्का माझ्या हाताकडे पाहत होती. खडे संपले.

"ह्या धाकल्या ढिगात?"

"अजून एकही नाही."

तिने मोठ्या ढिगाजवळ बोट नेलं. "ह्यात मी कंची?"

"ते सांगता येत नाही. त्यासाठीच तुकडा तपासायचा."

आगटीतला एक दाणा फुटला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आन् आमच्या आळीच्या बाया ह्याच ढिगात आल्या की, सदा. ह्या समद्या माज्या तव्यावरच्या."

तिने ढिगावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"कुनाकुनाच्या तोंडात हाय ते सांग."

"ते मला सांगता येणार नाही. त्यांनी डॉक्टरांना विश्वासाने दाखवलंय."

"लई नेमाचा हायेस!" ती उठली आणि लुगडं झटकलं. "नगं सांगू. माजं तोंड हाय की इचारायला."

दाजी तिच्या पाठमोऱ्या जाण्याकडे पाहत म्हणाले, "आता गावात कुनाची खैर न्हाय."

त्या संध्याकाळी अक्का दारोदार गेली. आळीत एकाही बाईने तिला तोंड दाखवायला नकार दिला नाही. डॉक्टरबाईंना जे टॉर्च लावून शोधावं लागलं ते अक्काला बायका आपणहून दाखवत होत्या. चट्टा निघालेल्या बायका तिच्याबरोबर सोलापूरला यायला कबूल झाल्या; तिची जिवाभावाची शेजारीण महादेवक्का मात्र अडून बसली. माहेर अक्कलकोटाकडचं, घरात कानडी. "ब्याड, ब्याड," असं हातवारे करत ती मागे सरत होती. अक्का तिच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तुज्याबिगर मी बी जानार न्हाय. मग मी मेले तर तुज्यावर."

"तू मरतीस कुटं, यव्वा," महादेवक्का म्हणाली. "मलाच मारशील." आणि चपला घालायला लागली. जीप दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती, हे तिला मग सांगावं लागलं.

पुन्हा सोलापूर

जीपमध्ये माणसांसाठी जेवढी जागा होती तेवढ्यात बायका कशा बसल्या ते मला आजही कळलेलं नाही. मी एस.टी.ने गेलो. इस्पितळाच्या व्हरांड्यात त्या ओळीने बसल्या होत्या. सवयीने हात कमरेच्या पिशवीकडे जायचा आणि अक्काने डोळे वटारले की परत यायचा. तुकडा काढताना अक्का ओरडली नाही. बाहेर येऊन म्हणाली, "मुंगी चावल्यावानी. उगंच भ्याले." पण मी पाहिलं, तिने माझ्या कोटाची बाही घट्ट धरली होती. लहानपणी जत्रेत मी तिचा पदर जसा धरायचो तशी.

तपासणीचं कळायला वेळ लागणार होता. बायका गावी गेल्या. मी सात रस्त्याच्या कचेरीत तक्ते करत राहिलो. एरवी कामात माझं मन लागतं. त्या दिवसांत बेरजा दोनदा चुकल्या, आणि चुकल्या हे माझ्याऐवजी कुसुमला आधी कळलं.

एका दुपारी डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. अक्काला कॅन्सर नव्हता. "आज नाही. पण वाट तिकडचीच होती. मिश्री सुटली पाहिजे, आणि दर काही महिन्यांनी मला तोंड दाखवलं पाहिजे." बाकीच्यांचंही बहुतेक तसंच. मग त्या थांबल्या. "तुमच्या बहिणीची ती शेजारीण, कानडी बोलणारी. तिला आहे. लहान आहे, लवकर सापडलंय. उपचार झाले तर ती बरी होईल, असं मी म्हणते, आणि मी उगाच म्हणत नाही. नाव तुम्हाला सांगायला नको होतं. पण उद्या आपण दोघं तिथे जाणार. तिला मराठी मोडकंच येतं, मला कानडी येत नाही, आणि तुमच्या बहिणीला येते."

मंद्रूपला पोचलो तेव्हा अक्का अंगणात एकटी ज्वारी निवडत होती. मिश्री भाजायची चूल थंड होती. डॉक्टरबाईंनी तिला तिचं स्वतःचं सांगितलं. ती नुसती "बरं" म्हणाली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता महादेवक्कांच्या घरी जायचंय. तुम्हाला कानडी येते. पण मी तिथे काय सांगणार ते तिला आधी ऐकू दे. तिने म्हटलं तरच तुम्ही आत या."

अक्काने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती उठली, हात धुतले, आणि डॉक्टरबाईंच्या मागे शेजारच्या दारापर्यंत जाऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. थोड्या वेळाने आतून महादेवक्काची हाक आली. मग अक्का आत गेली.

आतून बराच वेळ कानडीत बोलणं येत होतं. रडणं आलं. मग अक्काचा आवाज वाढला, रागावल्यासारखा. मग महादेवक्का हसल्यासारखं वाटलं. मला एक अक्षर कळलं नाही. बाहेर येऊन अक्का म्हणाली, "जाती म्हनली. मी संगं जानार हाय."

निघताना तिने डबा माझ्या हातात दिला. फडक्यात गुंडाळून, वर गाठ मारलेली. भरलेला होता.

मी तिच्याकडे पाहिलं. "अक्का..."

"सुमनला दे. मी दिला म्हनावं." आणि ती दारातून आत गेली.

पुणे

होटगीवरून येणारी गाडी उशिरा होती. सोलापूरच्या फलाटावर तो डबा मांडीवर घेऊन मी बसलो होतो. त्याला मिश्रीचा वास होता, पण तो वास त्या डब्याला नेहमीच असतो. बहिणीने दिलेलं रुळावर टाकणं मला जमलं नसतं, आणि बायकोला द्यायचं कसं तेही कळत नव्हतं. शेवटी ठरवलं की डबा द्यायचा आणि त्याच वेळी घोंगडीवरच्या दोन ढिगांचं सांगायचं. पुढे तिची ती ठरवेल.

घरी आल्यावर मी बोलायला सुरुवात करण्याआधीच सुमनने गाठ सोडली. झाकण उघडून सवयीने बोट आत घातलं आणि दाताला लावलं. तिचा चेहरा बदलला.

"अहो, ही तर शेंगाचटणी!"

मी डब्यात पाहिलं. लाल, तेल सुटलेली, काठोकाठ दाबून भरलेली चटणी. अक्का मिश्री तशीच दाबून भरते.

"अक्कांना बरं नाही का?" सुमनने विचारलं. तिला पहिली हीच शंका आली, यावरून मिश्री न पाठवणारी अक्का तिच्या कल्पनेत बसत नव्हती हे उघड होतं. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. रकाने, खडे, जीपमधल्या बायका, महादेवक्का. जेवताना तिने चटणी वाढली आणि म्हणाली, "डब्याचा वास लागलाय हिला."

"लागणारच. किती वर्षांचा आहे."

सुमनने मिश्री बंद केली. तिचे पहिले दिवस फार वाईट गेले. सकाळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरात अलिखित नियम झाला आहे. अधूनमधून हात फडताळाकडे जातो, आणि ती तिथलीच एखादी बरणी उगाच पुसून ठेवते. सुटली असं मी अजून लिहीत नाही. ते कळायला दिवस जावे लागतील.

महादेवक्काचे उपचार सुरू आहेत. अक्का बरोबर आहे. तोंड आल्यामुळे महादेवक्काला काही चावता येत नाही, भाकरी तर नाहीच, असं सोलापूरहून कुसुमने कळवलं. पाहणीची पुढची फेरी लवकरच आहे, तेव्हा मी पुन्हा जाणार आहे.

काल सुमनने तो डबा राखेने घासला, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने, आणि गच्चीवर उन्हात पालथा घातला. संध्याकाळी त्याचा वास घेऊन पाहिला, मलाही घ्यायला लावला. वास गेला होता. आज त्यात तिने नाचणीचं सत्त्व भरलं आहे, महादेवक्कासाठी. इतक्या वर्षांत हा डबा पुण्याहून भरलेला पहिल्यांदाच निघतो आहे.